चुकलेलं खोडायचं नाही

भोपाळात कुठल्याही ऑटोवाल्याला ‘बोर्ड ऑफिस’ एवढं सांगितलं तरी पुरतं. माध्यमिक शिक्षा मंडळाच्या कार्यालयावरून त्या चौराह्यालाच ते नाव पडलं आहे. राज्यभरातल्या दहावी-बारावीच्या मुलांना गणितात किती गुण पडले, याचा शेवटचा हिशेब इथे लागतो. चौराह्याच्या एका अंगाला एम. पी. नगर. तिथल्या इमारती कोचिंगवाल्यांच्या पाट्यांनी झाकून गेल्या आहेत आणि पाट्यांवर हसऱ्या मुलांचे फोटो आणि त्यांचे क्रमांक आहेत. दुसऱ्या अंगाला शिवाजी नगर : सरकारी क्वार्टरांच्या रांगा, जुनी डेरेदार झाडं, पाच नंबर, सहा नंबर अशी बसस्टॉपच्या आकड्यांवरून ओळखली जाणारी ठिकाणं. या शिवाजी नगरातल्या एका शासकीय माध्यमिक शाळेत मी गणिताच्या तासाला शेवटच्या बाकावर बसत होतो. सहावी, सातवी, आठवी असे तीन वर्ग, आणि तिन्ही वर्गांना गणित शिकवणाऱ्या बाई एकच.

बाई मराठी आहेत. जन्म आणि शाळा होशंगाबादची, म्हणजे आताच्या नर्मदापुरमची. मुलं त्यांना मैडम म्हणतात, वर्ग हिंदीत चालतो आणि तास संपल्यावर त्या माझ्याशी मराठीत बोलतात. मी त्यांच्याकडे गेलो ते एकच गोष्ट बघायला : वर्षाच्या सुरुवातीला मुलांना सांगितले जाणारे नियम. वही कशी ठेवायची, गृहपाठ किती, चुकलं तर काय, उशीर झाला तर काय, बोलायचं कधी, गुण कसे मिळणार. या गोष्टींना आपण शिस्तीच्या खात्यात टाकतो आणि गणित वेगळं समजतो. बाईंचा वर्ग बघून माझी खात्री झाली आहे की सहावी ते आठवीच्या मुलाला गणित म्हणजे काय हे पुस्तकाच्या आधी या नियमांतून कळतं. ज्या वर्गात चुकलेलं उत्तर रबरानं पुसावं लागतं, तिथे मूल शिकतं की गणित हा निर्दोष दिसण्याचा विषय आहे. हे शिकलेलं पुढे जन्मभर जात नाही.

मध्य प्रदेशात सत्र १ एप्रिलला सुरू होतं. महिनाभर शाळा चालते, मग उन्हाळ्याची सुट्टी, आणि जूनच्या मध्यावर पुन्हा घंटा. त्यामुळे नियम दोनदा सांगावे लागतात, आणि दुसऱ्यांदा सांगताना बाई ते मुलांकडूनच वदवून घेतात. पहिल्या तासाच्या सुरुवातीला मात्र त्या नियमांचा उल्लेखही करत नाहीत. सहावीच्या मुलांना त्या चार अंक लिहायला सांगतात. सगळे अंक सारखे नकोत, एवढीच अट. ते अंक उतरत्या क्रमानं लावून मोठी संख्या करायची, चढत्या क्रमानं लावून लहान करायची, मोठीतून लहान वजा करायची. आलेल्या उत्तराचं पुन्हा तेच. असं करत राहायचं आणि काय होतं ते बघायचं.

एकानं २०२५ घेतले. ५२२० वजा ०२२५ म्हणजे ४९९५. मग ५३५५, मग १९९८, मग ८०८२, मग ८५३२, आणि सहाव्या वजाबाकीला ६१७४. ६१७४ चं पुन्हा तेच केलं की पुन्हा ६१७४ च येतात. शेजारच्या मुलीनं ३५२४ घेतले होते, ती तिसऱ्या वजाबाकीतच तिथे पोहोचली. एका मुलानं ४२७१ घेतले. ७४२१ वजा १२४७, पहिल्याच फटक्यात ६१७४. त्याला वाटलं आपलं काहीतरी चुकलं, म्हणून तो पुन्हा पुन्हा वजाबाकी तपासत बसला. कितीही फिरलं तरी सात पायऱ्यांच्या आत इथेच यावं लागतं. हा शोध १९४९ साली लावला दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांनी, नाशिकजवळच्या देवळालीतल्या एका शाळामास्तरांनी. एनसीईआरटीच्या सहावीच्या ‘गणित प्रकाश’ या नव्या पुस्तकात तो आता आहे. भोपाळच्या मुलांना कापरेकर कुठले, हे सांगताना बाईंचा आवाज थोडा चढतो, आणि तो चढावाच.

पण बाईंनी हे उदाहरण पहिल्या दिवसासाठी निवडलं ते अभिमानापोटी नाही. हातच्याची वजाबाकी ज्यांना जमत नाही, ते ६१७४ ला पोहोचत नाहीत. वर्गातली बाकीची मुलं एका आकड्यावर जमा झालेली असतात आणि यांचं गाडं भलतीकडेच चाललेलं असतं. बाई काहीच बोलत नाहीत. मूल स्वतःच मागे जातं, एकेक ओळ तपासतं, चूक कुठे झाली ते शोधतं. पण हे करायला आधीच्या ओळी शिल्लक असाव्या लागतात. ज्यांनी रबर फिरवलेलं असतं, त्यांना पुन्हा पहिल्यापासून सुरू करावं लागतं. आणि इथे, तासाच्या शेवटच्या पाच मिनिटांत, वर्षाचा पहिला नियम येतो : चुकलेलं खोडायचं नाही. एक आडवी रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे.

रबर फक्त भूमितीच्या आकृतीला. गणित पेनानं. रफ कॉपी बंद.

या तिसऱ्या गोष्टीवर पालकांची सर्वांत जास्त कुरकुर असते. आपल्याकडे कच्ची वही आणि पक्की वही अशी दोन बिऱ्हाडं पिढ्यान् पिढ्या चालत आली आहेत. विचार करायचा तो कच्च्या वहीत, तपासायला द्यायची ती पक्की. कच्ची वही कुणी बघत नाही, वर्ष संपलं की रद्दीत जाते. बाईंचं म्हणणं असं की त्यांना कच्चंच बघायचं आहे. म्हणून पानाच्या उजव्या बाजूला तीन बोटं रुंद समास आखायचा आणि जे काही तोडमोड करायची ती त्या समासात, त्याच ओळीसमोर. गुणाकार केला असेल तर तो तिथे दिसला पाहिजे. बोटांवर मोजलं असेल तर ठिपके काढायचे. वही घाण दिसते, यात शंकाच नाही. मी ज्या वह्या चाळल्या त्यांत एकही पान भिंतीवर लावण्याजोगं नव्हतं. पण त्या वह्यांत मुलं दिसत होती.

उदाहरण देतो. सातवीतल्या एका मुलीनं −३ − ५ याचं उत्तर ८ लिहिलं होतं. नुसतं उत्तर बघितलं असतं तर लाल फुली मारून पुढे जाता आलं असतं. समासात तिनं लिहिलं होतं, ‘माइनस माइनस प्लस’. म्हणजे तिला नियम पाठ होता, पण तो गुणाकाराचा, बेरजेच्या घरात आणून बसवलेला. शेजारच्या मुलाचं उत्तरही ८ च होतं, पण त्याच्या समासात काहीच नव्हतं. त्याला उभं करून विचारलं तेव्हा कळलं की त्यानं सुरुवातीचं वजाचं चिन्ह प्रश्नक्रमांकामागची आडवी रेघ समजून सोडून दिलं होतं आणि मग मधलं वजाही न बघता ३ आणि ५ ची बेरीज केली होती. दोघांचं उत्तर एक, चूक एक नाही, आणि उपायही एक नाही. बाई फुली मारत नाहीत. जिथे वाट चुकली त्या पायरीभोवती गोल करतात आणि प्रश्नचिन्ह काढतात. मुलानं त्याच्या खाली दुरुस्ती करायची आणि एका वाक्यात चूक काय होती ते लिहायचं. ‘मैंने ऋण का चिह्न छोड़ दिया।’ एवढं एक वाक्य लिहायला काही मुलांना आधी दहा मिनिटं लागतात. दिवाळीपर्यंत ती सहज लिहू लागतात, असं बाई म्हणतात, आणि आठवीच्या वह्या बघून मला ते खरं वाटतं.

आठवीतल्या एका वहीत ०.३५ हे ०.५ पेक्षा मोठे ठरवले होते. समासात लिहिलं होतं, ‘३५ > ५’. त्यावर एक आडवी रेघ, आणि खाली शंभर चौकोनांची जाळी काढून एकदा ३५ आणि एकदा ५० चौकोन रंगवलेले. ही वही पुढे आणखी काही महिने त्या मुलाजवळ राहणार आहे, तेव्हा ती जाळी पुन्हा बघता येईल. पक्क्या वहीत हे कधीच दिसलं नसतं.

दुसरा नियम बरोबरच्या चिन्हाचा आहे. वर्गाबाहेरच्या माणसाला तो किरकोळ वाटेल. बाईंच्या लेखी त्यावर पुढचं सगळं बीजगणित उभं आहे. चाराची आणि तिनाची बेरीज करून तिला दोनानं गुणायचं असेल तर मुलं सर्रास लिहितात : ४ + ३ = ७ × २ = १४. उत्तर बरोबर, लिहिलेलं खोटं. कारण ४ + ३ म्हणजे १४ होत नाहीत. मुलांच्या मनात बरोबरचं चिन्ह म्हणजे ‘आता उत्तर येणार’ अशी खूण असते. बाई सहावीला दुसऱ्याच आठवड्यात फळ्यावर लिहितात, ८ + ४ = □ + ५, आणि चौकटीत काय ते विचारतात. वर्गातून दोन उत्तरं गरजली : १२ आणि १७. सात म्हणणारे दोघंतिघंच होते, आणि तेही दबकत. भोपाळच्या मुलांना नावं ठेवायचं कारण नाही. १९९९ साली अमेरिकेतल्या एका अभ्यासात सहावीच्या १४५ मुलांना नेमका हाच प्रश्न विचारला होता, आणि १४५ च्या १४५ जणांनी १२ किंवा १७ हेच उत्तर दिलं होतं. पाच वर्षं ‘बेरीज करा, बरोबर लिहा, उत्तर लिहा’ एवढंच केल्यावर दुसरं काय होणार?

म्हणून नियम असा की बरोबरचं चिन्ह लिहिलं की डावीकडे आणि उजवीकडे बोट ठेवून दोन्ही बाजू सारख्या आहेत का ते बघायचं, नसतील तर नवी ओळ घ्यायची. या नियमाला सूट नाही. उत्तर बरोबर असलं तरी नाही. सातवीत क्ष + ५ = १२ हे समीकरण आलं की ‘पाच पलीकडे गेला, वजा झाला’ असं कोचिंगमध्ये शिकून आलेली मुलं असतात. बाई त्यांना विचारतात, पलीकडे गेला म्हणजे चालत गेला का? दोन्ही बाजूंतून पाच काढले, असं लिहायचं. दोन ओळी जास्त लागतात. वार्षिक परीक्षेत वेळ पुरणार नाही असं एका मुलाचे वडील म्हणाले, तेव्हा बाईंनी शांतपणे सांगितलं की चिन्ह चुकून गणित पुन्हा करायला याहून जास्त वेळ जातो.

बोलण्याचा नियम साधा आहे. प्रश्न विचारल्यावर लगेच हात वर करायचा नाही. बाई मनातल्या मनात आकडे मोजतात, मुलं वहीत काहीतरी खरडतात, मग हात वर. सुरुवातीला ही शांतता मला अवघड गेली. हुशार मुलं बाकावर चुळबुळत होती. मेरी बड रो नावाच्या अमेरिकी संशोधक बाईंनी १९७० च्या दशकात वर्गांतली संभाषणं ध्वनिमुद्रित करून मोजलं होतं, तेव्हा शिक्षक प्रश्न विचारल्यावर सरासरी एक सेकंदच थांबतात असं निघालं. तीन सेकंद थांबले तर उत्तरं लांबतात, न बोलणारी मुलं बोलू लागतात. बाईंनी हे वाचलेलं नव्हतं, मीच त्यांना सांगितलं. त्या म्हणाल्या, ‘‘तीन कसले, आमच्याकडे दहा लागतात. अर्ध्या मुलांच्या घरी दिवसभर कुणी त्यांना विचारून त्यांच्या उत्तराची वाट पाहिलेली नसते.’’ या शाळेत येणारी बरीच मुलं आसपासच्या झुग्ग्यांतून आणि बंगल्यांमागच्या नोकरांच्या खोल्यांतून येतात. आई चार घरची धुणीभांडी करते, वडील ऑटो चालवतात किंवा चौकीदार आहेत.

त्यामुळे काय आणलं नाही म्हणून शिक्षा, हा प्रकार बाईंच्या वर्गात नाही. कंपास पेटीचंच घ्या. बहुतेक शाळांत भूमितीच्या तासाला परकार आणि कोनमापक नसलेल्या मुलांना उभं करतात. उभं राहिलेलं मूल तासभर भूमिती बघतं, करत नाही. आणि पुढच्या वेळी पेटी आणण्याऐवजी शाळेतच येत नाही. इथे कपाटात एका बिस्किटाच्या डब्यात परकार, चांदे, पट्ट्या ठेवलेल्या आहेत, काही बाईंच्या पैशांनी घेतलेल्या, काही आठवी पास होऊन गेलेल्या मुलांनी मागे ठेवलेल्या. डब्यातून घेताना पाटीवर नाव लिहायचं, ठेवताना पुसायचं. चोऱ्या होतात का? होतात, थोड्या. बाई त्याचा गाजावाजा करत नाहीत.

शिक्षणाचा हक्क देणारा २००९ चा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या १७ व्या कलमानं शाळेत मारणं आणि मानसिक छळ, दोन्हींना बंदी घातली. कायद्यानं छडी बऱ्याच प्रमाणात गेली. पण गणिताच्या तासाला होणारी बोलणी गेली नाहीत. ‘इतकं सोपं येत नाही?’ हे वाक्य कायद्याच्या कुठल्या कलमात बसतं ते मला सांगता येणार नाही, पण कोंबडा करण्याइतकंच ते मुलाला वाकवतं. बाईंनी स्वतःवर घालून घेतलेला एक नियम आहे : ‘सोपं’ हा शब्द वर्गात वापरायचा नाही. सोपं म्हटलेलं जमलं तर मुलाचं काही कौतुक नाही, आणि नाही जमलं तर त्याची लाज दुप्पट. मुलांना हा नियम माहीत आहे, आणि बाईंच्या तोंडून तो शब्द चुकून गेला की एखादं पोर ताबडतोब पकडतं. शिक्षकाकडून काय अपेक्षा करायच्या, हेही मुलांना ठाऊक असायला हवं. ती यादी बहुतेक शाळांत कुणी लिहीतच नाही.

याच कायद्याच्या परिशिष्टात सहावी ते आठवीसाठी वर्षाला किमान २२० दिवस आणि १००० तास शिकवणं, ३५ मुलांमागे एक शिक्षक, आणि विज्ञान-गणितासाठी निदान एक शिक्षक असं लिहिलेलं आहे. आठवीच्या मुलांनी एकदा यावरच हिशेब केला. रोज ४० मिनिटांचा एक तास धरला तर २२० दिवसांत ८८०० मिनिटं, म्हणजे १४६ तास ४० मिनिटं गणित. मग त्यातून परीक्षांचे दिवस, सणसमारंभ, आणि मैडम निवडणुकीच्या कामाला गेल्या ते दिवस वजा केले. जनगणना, निवडणूक आणि आपत्तीच्या कामाला शिक्षक नेण्याची मुभा कायद्यातच आहे. उरलेला आकडा मुलांनी फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवला होता आणि कुणी पुसला नव्हता. तो बघून माझ्या मनात आलं की मुलाच्या उशिरा येण्यावर आपण जेवढं बोलतो तेवढं याच्यावर बोललो तर बरं.

गृहपाठाबाबत सरकारी धोरण स्पष्ट आहे, आणि माझ्या मते योग्य आहे. २०२० च्या दप्तर धोरणानुसार सहावी ते आठवीला सगळ्या विषयांचा मिळून दिवसाला जास्तीत जास्त एक तास गृहपाठ असावा. बाई रोज चार गणितं देतात. पाचवं मुलानं स्वतः तयार करायचं. अर्ध्या तासात जेवढं होईल तेवढं, मग रेघ मारून ‘यहाँ रुका’ असं लिहायचं आणि वही मिटायची. दुसऱ्या दिवशी तास त्या रेघांपासूनच सुरू होतो. पंधरा वह्यांत रेघ एकाच गणितापाशी थांबली असेल तर कालचं शिकवणं पोहोचलं नाही, हे बाईंना हजेरीच्या आत समजतं. दुसऱ्याची वही बघून उतरवायलाही परवानगी आहे, फक्त कुणाची ते लिहायचं. एका वहीत मी वाचलं, ‘यह दीदी से समझा, आधा समझ आया।’ असं लिहिता येणं हीच मोठी गोष्ट आहे. मुलांनी बनवलेली गणितं मी खूप आनंदानं वाचली. पाणीपुरीवाला, गॅसचं सिलिंडर, शंभर नंबरच्या बसचं तिकीट, बुजुर्गांच्या औषधाच्या गोळ्या. एका मुलीच्या गणितात आई चार घरी काम करते आणि एका घरानं महिन्याचे तीन दिवस कापले, तर हातात किती येतील, असं होतं. हे गणित बाईंनी फळ्यावर घेतलं नाही, वहीतच सोडवून परत केलं. घेतलं असतं तर वर्गाला मुलीचं घर दिसलं असतं. असा विवेक कुठल्या परिपत्रकात येणार?

पालकसभेत आणखी एक तक्रार हमखास असते, की गृहपाठ कमी आहे. समोर एम. पी. नगर आहे. सहावीपासून ‘फाउंडेशन’च्या नावाखाली मुलं घेणारे वर्ग आहेत आणि तिथे रोज तीस-चाळीस गणितांचा कागद मिळतो. ज्यांना परवडत नाही त्यांनाही वाटतं की शाळेनं तेवढा तरी कागद द्यावा. या पालकांना मी चूक म्हणू शकत नाही. त्यांच्या जगात जास्त मेहनत म्हणजे जास्त पैसे, हा अनुभव रोजचा आहे. बाई त्यांना वही उघडून दाखवतात : जूनमधलं पान, ऑगस्टमधलं पान. अक्षर न वाचता येणारी आईसुद्धा रेघा कमी झाल्या आहेत हे बघू शकते. एक आजी म्हणाल्या, ‘‘पर ये काट-पीट तो अब भी है।’’ बाई म्हणाल्या, असायलाच हवी, अम्मा, नवं शिकतोय तो.

झाडांचं गणित राहिलं सांगायचं. २०२४ च्या जूनमध्ये मंत्री-आमदारांच्या नव्या निवासांसाठी शिवाजी नगर आणि तुलसी नगरातली २९ हजार झाडं तुटणार, अशी बातमी आली. रहिवासी रस्त्यावर उतरले आणि सरकारनं तो प्रस्ताव मागे घेतला. त्याच्या आठ वर्षं आधी स्मार्ट सिटीचा प्रकल्पही याच भागातून असाच टी. टी. नगरकडे हलवावा लागला होता. बाईंनी आकडा वर्गात आणला. २९ हजार म्हणजे किती, हे कुणालाच माहीत नव्हतं. मुलांनी ठरवलं, एका झाडापाशी एक मिनिट उभं राहायचं. २९००० मिनिटं म्हणजे ४८३ तास आणि वर २० मिनिटं. झोपलं-जेवलंच नाही तर वीस दिवसांहून जास्त. शाळेच्या वेळेत, रोज पाच तास धरले, तर ९७ दिवस. मग आकडा खरा असेल का ते तपासायला निघाले. शाळेपुढची गल्ली पावलांनी मोजली, झाडं मोजली, नकाशावर तेवढा तुकडा किती वेळा बसतो ते बघितलं. चार गटांची चार उत्तरं आली, एकमेकांपासून बरीच लांब, आणि एकही बरोबर किंवा चूक म्हणून खूण झाली नाही. प्रत्येक गटानं आपण काय धरून चाललो ते लिहायचं होतं. एका गटानं धरलं होतं की सगळ्या गल्ल्या सारख्या आहेत. दुसऱ्यानं त्यांना विचारलं, बाजारात झाडं कुठे आहेत? या अर्ध्या तासात जेवढं गणित झालं, तेवढं मी फार कमी वर्गांत बघितलं आहे.

हे वळण बाईंना कुठून लागलं, हा प्रश्न मी विचारला तेव्हा त्यांनी ‘बाल वैज्ञानिक’चं नाव घेतलं. १९७२ साली किशोर भारती आणि रसूलियाचं फ्रेंड्स रूरल सेंटर या संस्थांनी होशंगाबाद जिल्ह्यातल्या १६ माध्यमिक शाळांत विज्ञान शिकवण्याचा एक वेगळा कार्यक्रम सुरू केला. १९७८ पर्यंत तो सगळ्या जिल्ह्यात पोहोचला, आणि १९८२ मध्ये स्थापन झालेल्या एकलव्य संस्थेनं पुढे सांभाळला. ‘बाल वैज्ञानिक’ ही त्याची पुस्तकं. मुलं चौघाचौघांच्या टोळीत बसून प्रयोग करत, निरीक्षणं स्वतः लिहीत, आणि परीक्षेला पुस्तक-वही उघडून बसण्याची परवानगी असे. सवालीराम नावाच्या एका काल्पनिक माणसाला मुलं पत्रानं प्रश्न विचारत आणि त्यांना उत्तरं येत. बाई त्या मुलांतल्या एक. एकलव्यचं कार्यालय पुढे कित्येक वर्षं शिवाजी नगरातच, शंकर नगरच्या बीडीए कॉलनीत होतं. म्हणजे परीक्षा घेणारं मंडळ आणि परीक्षा कशी असावी याचा वेगळा विचार करणारी संस्था, दोन्हींचा पत्ता एकच. २००२ मध्ये राज्य सरकारनं कार्यक्रम बंद केला, तेव्हा तो १५ जिल्ह्यांतल्या सुमारे हजार शाळांत चालू होता. हे मोठं नुकसान झालं असं मी मानतो. गणिताला तसा कार्यक्रम त्या प्रमाणात कधी मिळालाच नाही.

मिळायला हवा होता, कारण गणितातली भीती कुठून येते हे आपल्याला केव्हाच माहीत झालं आहे. राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा २००५ साठी आर. रामानुजम यांच्या अध्यक्षतेखालच्या गटानं गणितशिक्षणावर जो निबंध लिहिला, त्यात मुलांची भीती आणि अपयशाची भावना पहिल्या क्रमांकावर होती, आणि मूल्यमापनाच्या ओबडधोबड पद्धतींवर थेट बोट ठेवलं होतं. त्यानंतर धोरणाचा झोका दोन्हीकडे गेला. २००९ च्या कायद्यानं आठवीपर्यंत कुणाला नापास करायचं नाही असं ठरवलं. २०१९ च्या दुरुस्तीनं पाचवी आणि आठवीला परीक्षा आणि नापास झाल्यास दोन महिन्यांत फेरपरीक्षा ठेवली, आणि तरीही नापास झाल्यास मागे ठेवण्याची मुभा राज्यांना दिली. मध्य प्रदेशानं ती घेतली. आता इथल्या आठवीच्या मुलांची वार्षिक परीक्षा बोर्डाच्या धर्तीवर होते आणि पास व्हायला ३३ टक्के लागतात.

बाई या परीक्षेच्या विरोधात नाहीत, याचं मला आधी आश्चर्य वाटलं. कुणालाच मागे ठेवायचं नाही म्हटल्यावर सहावीत वजाबाकी न येणारं मूल आठवीपर्यंत आलं तरी कुणी विचारत नव्हतं, असं त्या म्हणतात. पण ३३ चा त्यांना राग आहे. ३३ ला टेकायचं म्हणून वर्ग कोणतं प्रकरण सोडायचं याचा हिशेब करू लागतो. दहावीत मंडळानं काही वर्षं सहापैकी पाच विषयांत पास झालं तरी चालेल अशी सवलत दिली होती, तेव्हा कितीतरी मुलांनी सोडलेला सहावा विषय गणित होता. बाईंच्या चाचण्यांत म्हणून परत लिहून देण्याची सोय आहे. चाचणी झाल्यावर आठवडाभरात चूक शोधून, कारण लिहून, तसंच दुसरं गणित सोडवून दिलं तर अर्धे गुण परत. पायऱ्यांना गुण आहेत, नुसत्या उत्तराला जवळजवळ नाहीत. यामुळे हुशार समजली जाणारी दोनतीन मुलं दरवर्षी खट्टू होतात, कारण त्यांना तोंडी उत्तर येतं आणि लिहायचा कंटाळा असतो. त्यांच्याशी बाई सर्वांत कडक वागतात.

एका बाबतीत मात्र माझं आणि बाईंचं पटलं नाही, ते म्हणजे पाढे. त्यांच्या आजीनं त्यांच्याकडून तीसपर्यंतचे पाढे, पावकी, निमकी, पाऊणकी सगळं पाठ करून घेतलं होतं. त्याच बाईंनी वर्गात दोन ते वीसचा तक्ता लावला आहे आणि कुणीही, केव्हाही त्याकडे बघू शकतं. मला हे मान्य नाही. लसावि काढताना सात आठे किती हे बघायला जे मूल मान वर करतं, त्याचा धागा तुटतो. पुन्हा वहीकडे येईपर्यंत आपण काय करत होतो ते विसरलेलं असतं. पाढे पाठ असणं ही मुलावर केलेली दया आहे, हे मी त्यांना तीनतीनदा सांगितलं. त्यांचं उत्तर असं, की पाठ नाही म्हणून ज्यांना दुसरीपासून उभं केलं गेलं ती मुलं सहावीत पाढ्यांचं नाव काढताच हात टेकतात. त्यांना आधी गणितात आणायचं, मग पाढ्यांत. शुक्रवारी तक्ता उलटा होतो. पाच मिनिटांत प्रत्येकानं आपल्याला हवा तो पाढा लिहायचा, आणि मागच्या शुक्रवारच्या आपल्याच पानाशी ताडून बघायचा.

मी शुक्रवारची पानं पाहिली. सातवीतली बहुतेक मुलं आठपर्यंत पक्की होती, तेरा आणि सतरापाशी अडत होती. आठवीत तेराही येत होता. बाईंनी आता ठरवलं आहे की पुढच्या एप्रिलपासून तक्ता बारापर्यंतच ठेवायचा. त्यापुढचा पाढा मुलांनी स्वतः बांधायचा, तेराचा म्हणजे दहाचा आणि तिनाचा मिळून, समासात. मी म्हटलं, बारापर्यंत कशाला, दहापर्यंतच ठेवा. त्या म्हणाल्या, डझन इथल्या बाजारात अजून चालतं, केळी आणि अंडी डझनानंच मिळतात, बारा राहू द्या.